कणीक मुरेपर्यंत

डबा घ्यायला येणाऱ्या बायका माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघतात, मग मागे तव्यांवर चाललेली घाई बघतात आणि विचारतात, "ताई, या सगळ्यात तुम्ही हरिपाठ म्हणता तरी कधी?" इतकी वर्षं मी हसून "होतं हो कसंतरी" म्हणत आले. ते खोटं आहे. कसंतरी एक दिवसही झालं नाही. परवा पुन्हा तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आमचं पोळी-भाजी केंद्र नाना पेठेत आहे. तुकोबांची पालखी पुण्यात आली की मुक्काम इथल्याच निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची शेजारी भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळात. म्हणजे वर्षातून एकदा देव आमच्या दारात मुक्कामाला येतो, आणि नेमकी तेव्हाच मी देवळाची पायरी चढत नाही. वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या मंडळांच्या पोळ्या आमच्याकडे असतात. बाहेर टाळ वाजतात, आत आम्ही सहाजणी लाटत असतो. आमच्या धंद्याचं सगळं असंच उलटं. लोकांचा उपास तो आमचा हंगाम. श्रावण, नवरात्र, एकादशी. बाकीच्यांना ज्या दिवशी देव आठवतो त्या दिवशी आम्हाला साबुदाणा आठवतो.

माळ सासूबाईंमुळे. त्या खेड तालुक्यातल्या. त्यांच्या गावी दिवे लागले की देवळात हरिपाठ उभा राहायचा, ज्याला जमेल तो टाळ घेऊन यायचा. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही ज्ञानेश्वरांचा हरिपाठ पाठ झाला. २७ अभंग, काही पोथ्यांत २८. एकनाथ-नामदेवांचेही हरिपाठ आहेत, सासूबाई तेही म्हणायच्या. माझी मजल तिथवर गेली नाही. टाळांवर चालीत म्हटला तर अर्धा-पाऊण तास जातो, एकटीने सरळ म्हटला तर वीस मिनिटं. ही वीस मिनिटं लक्षात ठेवा.

संध्याकाळ मला शक्य नव्हती, सात ते नऊ डब्यांची वेळ. म्हणून पहाटे साडेतीनचा गजर लावला. पंधरा दिवस उठले. म्हणताना पेंग यायची, कितवा अभंग चाललाय ते कळायचं नाही, आणि झोप अपुरी झाली की माझा पारा चढतो. त्या पंधरवड्यात मी घरात नि केंद्रात मिळून जेवढी ओरडले तेवढी एरवी वर्षभरात ओरडत नाही. देवाचं नाव घेऊन उठायचं आणि माणसांच्या अंगावर जायचं, हे काही पटेना. सोळाव्या दिवशी गजर बंद केला.

मग सगळे देतात तो सल्ला ऐकला, काम करता करता म्हण. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर ओव्या म्हणायच्याच की! म्हणायच्या, खरंय. पण जात्यावर कुणी दळण मोजत बसत नाही. हात फिरतो, पीठ पडतं, गळा मोकळा असतो. आमच्याकडे पोळी मोजून द्यायची असते. मी तव्याशी उभी राहून तोंडाने हरिपाठ म्हणायचे नि मनात पोळ्या मोजायचे. एक दिवस पहिल्याच अभंगात 'पुण्याची गणना कोण करी' म्हणता म्हणता पुढे चक्क "एकशे बारा, एकशे तेरा" असं तोंडातून मोठ्याने गेलं. लाटणाऱ्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हसू आलं नाही. त्या दिवशी ना हरिपाठ झाला होता, ना मोजणी बरोबर आली होती. एका ऑफिसच्या डब्यांत आठ पोळ्या कमी गेल्या.

आमच्याकडे लाटायला एक भाभी आहेत, मोमीनपुऱ्यातून येतात. दुपारचे डबे गेले की त्या हात धुतात, वजू करतात आणि कोठारात पिठाच्या पोत्यांशेजारी जानमाज अंथरून जोहरची नमाज पढतात. दहा मिनिटांत परत. भांड्यांचा ढीग असला तरी जातात, नसला तरी जातात. त्यांना आजवर कुणीही विचारलं नाही की भाभी, तुम्ही वेळ कसा काढता. विचारण्यासारखं त्यात काही दिसतच नाही. एकदा मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "काढायचा कशाला? वेळ झाली की जायचं."

आपल्याकडेही यासाठी शब्द आहे, नेम. सासूबाई कधी "वेळ मिळाला तर हरिपाठ म्हणेन" असं म्हणाल्या नाहीत. "माझा नेम व्हायचाय" म्हणायच्या, आणि घरातलं माणूस थांबायचं. मी मात्र उरलेल्या वेळातून तुकडा तोडू बघत होते. पोळीवाल्या बाईकडे वेळ उरत नसतो.

शेवटी वेळ दिला तो कणकेने.

पहाटे पाचला आमचं मशीन लागतं, दहा किलोचा पहिला घाणा. त्यात चारशेच्या आसपास पोळ्या होतात. पण कणीक मळून लगेच लाटता येत नाही. पाणी पिठात मुरावं लागतं. न मुरलेल्या कणकेची पोळी लाटताना आक्रसते, कडेला चिरते, डब्यात दोन तासांनी वातड होते. ओलं फडकं घालून वीस मिनिटं तरी ठेवावीच लागते, मग तुम्ही कितीही घाईत असा. वर्षानुवर्षं ही वीस मिनिटं माझ्यासमोर होती आणि त्यात मी भाजी चिरत होते.

भाजी आदल्या रात्री चिरून ठेवणं मला चालत नाही, चव जाते. मग एका बाईंना अर्धा तास लवकर बोलावलं, त्याचे महिन्याला दीड हजार जास्त देते. म्हणजे हरिपाठ मला दीड हजाराला पडतो. हे मुद्दाम सांगते. "मनात असलं की वेळ निघतो" असं ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्या वाटणीचं काम बहुतेक दुसरं कुणीतरी करत असतं. माझंही त्या बाई करतात. त्यांचा नेम कधी होतो, हे मी त्यांना अलीकडेच विचारलं. "रिक्षात," म्हणाल्या.

तर पाच वीसच्या सुमाराला परातीवर फडकं घालते, मोबाइल गल्ल्यात टाकते आणि मागच्या दाराशी तेलाच्या डब्यावर बसते. समोर गल्लीची भिंत आणि एक मोरी. मन लागतं का? आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. बाकीचे दिवस गॅसचा सिलेंडर, मुलीचा घरभाडं करार, असलंच काहीबाही येतं. आलं की परत ओळीवर यायचं. पण हरिपाठ संपल्यावर मिनिट-दोन मिनिटं मी तशीच बसते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच जास्त ओढ आहे. तेव्हा आदला दिवस डोळ्यांपुढे येतो. कुणाला काय बोलले ते आठवतं. डबे पोचवणाऱ्या पोराला उशीर झाला म्हणून मी एकदा चारचौघांत झापलं होतं; त्याची आई दवाखान्यात होती, हे मला माहीत होतं आणि तरी झापलं होतं. ते त्या डब्यावर बसल्यावर कळलं, झापताना नाही. तो सातला आला तेव्हा आधी त्याला चहा दिला. माफी मागायला आणखी दोन दिवस लागले.

आता गंमत अशी की आषाढी एकादशीला कणीकच नसते. साबुदाणा आम्ही आदल्या रात्री धुऊन, बेताचं पाणी ठेवून भिजवतो. तो मुरतो तेव्हा मी झोपलेली असते, त्याचा मला काही उपयोग नाही. पहाटे तीनपासून शेंगदाण्याचं कूट, बटाटे, फोडण्या. सगळ्या वर्षात हाच दिवस असा की माझा नेम कशाला टेकवायचा ते मला कळत नाही. दोन आषाढ्या कोऱ्या गेल्या. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, याचा विचार मी टाळते.

गेल्या आषाढीला पाचच्या सुमाराला पहिली कढई उतरवली, शटर अर्धं वर केलं आणि उंबऱ्यातच उभी राहिले. हाताला तूप, पदराला कूट. पहिला अभंग म्हटला. देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याचाच तो अभंग, तेव्हा उभ्याने चालून गेलं. दुसऱ्याचा पहिला शब्द उच्चारला तोच टेम्पो येऊन थांबला.

"ताई, खिचडी किती?"

"एकशे चाळीस," मी म्हटलं. "पण तू मोजून घे."