३५० ग्रॅम मोहरी

परळला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. टाटा हॉस्पिटल जवळ, त्यामुळे एक स्तन काढलेल्या बायका येतात. शटर अर्धं ओढून घेते आणि टेप दोनदा लावते, मध्यापासून डावीकडे वेगळं माप, उजवीकडे वेगळं. 'छाती ३६' लिहून भागत नाही.

जूनमध्ये महापालिकेच्या शाळेतल्या एक बाई आल्या. उजवी बाजू काढलेली, काखेतल्या गाठीही काढलेल्या, हात सुजायचा. म्हणून उजवी बाही अर्धा इंच ढिली ठेवली, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे काखेपाशी, जादा कापडाची कळी टाकली. हात पाठीमागे जात नाही, हुक पुढे. अस्तर धुऊन मऊ झालेल्या मलमलचं, कारण किरणं घेतलेल्या कातडीला नवं कापड टोचतं. अस्तराला आतून खिसा. त्यात कापूस कोंबून देणारे शिंपी ढिगाने आहेत. कापसाला वजन कुठलं? ती बाजू वर चढते आणि बाई दिवसभर ब्लाऊज खाली ओढत बसते. मी बाळाच्या उशीसारखी पिशवी शिवून मोहरी भरते. यांना ३५० ग्रॅम लागली, वाण्याकडून तोलून आणली.

ट्रायलला हातात मार्किंगचा खडू दिला, म्हटलं, भिंतीवर लिहा. हात जेमतेम कानापर्यंत गेला, पण तारीख लिहिली, सुविचार लिहिला. ब्लाऊज जागचा हलला नाही. मी खूश!

शाळा उघडली त्याच संध्याकाळी बाईंनी मोहरीची पिशवी काउंटरवर ठेवली.

"सरकली का?"

"नाही हो ताई, शिवण झकास आहे. पण फळ्याकडे वळले की सगळं लक्ष हिच्यात. मधल्या सुट्टीत काढून पर्समध्ये टाकली, तेव्हा कुठे शिकवता आलं. फक्त रिकाम्या बाजूला झोळ येतोय, तेवढा काढून द्या."

"आणि स्टाफरूममध्ये?"

"एक जण दोनदा बघत होती. बघू दे."

पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे उजवी बाजूच दिसणार. आणि एक बाजू सपाट कशी कापायची हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नव्हतं. नुसते टक्स, म्हणजे छातीला फुगवटा देणाऱ्या चुण्या, उसवून चालत नाही, पुढची उंचीही कमी करावी लागते, नाहीतर खालची पट्टी लोंबते. दोन ब्लाऊज वाया घालवले तेव्हा जमलं.

आता माप घेण्याआधीच विचारते, भरून हवा की सपाट? परवा हे विचारल्यावर एक जण रडायलाच लागली. तिचं माप घ्यायचं राहिलंय.