भाच्यासाठी पोकलेनची जॉयस्टिक

पोकलेनला स्टिअरिंग नसतं. डाव्या हाताशी एक दांडा, उजव्या हाताशी एक, आणि पायाशी दोन चेनचे दोन पेडल. डावा दांडा आडवा हलवला की अख्खी केबिन फिरते. पुढे-मागे केला की आर्म, म्हणजे बकेटकडचा हात, लांब जातो किंवा जवळ येतो. उजवा पुढे ढकलला की बूम, म्हणजे केबिनकडचा मोठा हात, खाली, मागे ओढला की वर. तोच डावीकडे नेला की बकेट आत वळते, उजवीकडे नेला की माल सांडते. हातांच्या चार हालचाली आणि पायांच्या दोन. मुरलेला ऑपरेटर हातांच्या चारही एकदम करतो आणि वरून खाली उभ्या माणसाशी गप्पाही मारतो.

माझं वणी-मुकुटबन रस्त्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, थ्री फेज मोटारी, स्टार्टर, अधूनमधून कुणाचा कूलर. भाचा बारावीनंतर पोकलेनवर हेल्पर लागला. उकणी, निलजईकडच्या खुल्या खाणींमुळे आमच्या भागात ओबीची, म्हणजे कोळशावरची माती काढायची, कामं कायम चालू असतात आणि पोरांना ऑपरेटर व्हायचं असतं. पण हेल्परच्या वाट्याला येतं ते ग्रीस मारणं, डिझेल भरणं आणि काच पुसणं. वीस टनी मशीन तासाला १२ ते १५ लिटर डिझेल पिते, त्यामुळे शिकाऊ पोराला मालक सीटवर बसू देत नाही. ऑपरेटर जेवायला उतरला आणि मुकादम जवळ नसला, तर मिळतील तेवढी मिनिटं.

“मामा, लॅपटॉपवर गेम आहे न मशीनचा. पण कीबोर्डवर चालते तो. कीबोर्डवर का हात बसन?”

नाहीच बसणार. कीबोर्डचं बटण दाबलेलं असतं किंवा सोडलेलं, अधलंमधलं त्याला कळत नाही. पोकलेनचं सगळं कसब तर त्या अधल्यामधल्यातच आहे: दांडा जितका झुकवाल तितकंच तेल सुटतं आणि तितक्याच वेगानं बूम चालतो. गेमपॅडवर अंगठ्याच्या चिमुकल्या काड्या असतात, त्यांवर मनगट काय शिकणार? म्हणून खऱ्या उंचीचे दांडे बनवायचे ठरवलं.

दांड्यांची हालचाल कॉम्प्युटरला कळवणाऱ्या बोर्डापासून सुरुवात करतो, कारण लोक तिथेच जास्त अडतात आणि तेच काम सगळ्यांत सोपं आहे. अनेकांकडे अर्डुइनो उनो, म्हणजे कोड चढवता येणारा छोटा बोर्ड, पडलेला असतो. त्यातल्या एटीमेगा ३२८ पी चिपला स्वतःचं यूएसबी नाही, शेजारची दुसरी चिप तिचं बोलणं सीरियलमध्ये बदलून देते. त्यामुळे कॉम्प्युटरला दिसतो तो कॉम पोर्ट, जॉयस्टिक नाही. प्रो मायक्रो किंवा लिओनार्डोवर एटीमेगा ३२यू४ असते, तिच्यात यूएसबी आतच आहे. ती कॉम्प्युटरला लावल्याबरोबर एक फॉर्म भरून देते: मी जॉयस्टिक, मला इतके अक्ष (हालचालीच्या दिशा), प्रत्येक अक्ष इतक्या बिटांचा (बिट जास्त तितक्या पायऱ्या बारीक), बटणं इतकी. याला रिपोर्ट डिस्क्रिप्टर म्हणतात. माउस जसा लावला की चालतो तशीच ही, ड्रायव्हर टाकावा लागत नाही. फॉर्ममध्ये अक्षांचे क्रमांक ठरलेले आहेत: हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीच्या आकड्यांत) ३० म्हणजे एक्स, ३१ वाय, ३२ झेड, आणि ३३ ते ३५ म्हणजे आरएक्स, आरवाय, आरझेड. मी डावा दांडा एक्स-वायवर घेतला, उजवा आरएक्स-आरवायवर, आणि पेडल झेड-आरझेडवर. बरोबर सहा. विंडोजच्या डायरेक्टइनपुटमध्ये, म्हणजे जॉयस्टिक वाचणाऱ्या भागात, असे आठ अक्ष आणि १२८ बटणं मावतात, म्हणजे जागा उरलीच. फॉर्म हाताने लिहायची गरज नाही. मॅथ्यू हायरोनिमस यांची अर्डुइनोची जॉयस्टिक लायब्ररी, म्हणजे तयार कोड, ते काम करते.

सुटे भाग नागपूरला सीताबर्डीत, मोदी नंबरच्या गल्ल्यांत मिळाले. एक सांगून ठेवतो: प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं, केबल वाकडी ओढली की ट्रॅकसकट उपटून येतं. बोर्ड आणला की आधी सॉकेटच्या दोन्ही बाजूंना एम-सील थापा, मग पुढचं बोला.

आता सेन्सर. बहुतेक जण दहा के चा पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरवायचा रेझिस्टर, लावतात. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर ऐकलेल्या कुणालाही त्याचा शेवट ठाऊक आहे: कार्बनची पट्टी झिजते, त्यात धूळ जाते. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत तर तंतू कुलपातही शिरतात. दुसरी अडचण हिशोबाची आहे. पोटेन्शिओमीटर फिरतो सुमारे ३०० अंश, आणि दांडा झुकतो इकडे २० तिकडे २०, एकूण ४०. बोर्ड शून्य ते पाच व्होल्टच्या १०२४ पायऱ्या करतो, त्यातल्या १३६ च हाती लागतात. गिअर लावून वाढवता येतात, पण गिअर म्हणजे ढील, आणि ढील नेमकी मध्यभागी जाणवते.

मी ४९ई नावाचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा भाग, घेतला. ट्रान्झिस्टरएवढा, तीन पायांचा, स्वस्त. समोर चुंबकीय क्षेत्र नसलं की तो पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे अडीच व्होल्ट देतो. क्षेत्र एका दिशेनं वाढलं की व्होल्टेज चढतं, उलट्या दिशेनं वाढलं की उतरतं. फिरणाऱ्या फ्रेमवर दोन निओडिमियम चुंबक समोरासमोर बसवले, एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिणेकडे, आणि मधल्या जागेत सेन्सर स्थिर ठेवला. दांडा सरळ असताना सेन्सरचा चेहरा क्षेत्राला समांतर, म्हणजे त्याच्या लेखी क्षेत्र शून्य. दांडा झुकला की कोनाच्या साइनच्या प्रमाणात व्होल्टेज सरकतं. साइन म्हटलं की रेष वाकडी असेल अशी भीती वाटते, पण २० अंशांपर्यंत साइन आणि सरळ रेषेत फरक जेमतेम दोन टक्के पडतो. तेवढा मनगटाला कळत नाही. चुंबक जवळ आणल्यावर मला ४०० च्या आसपास पायऱ्या मिळाल्या. आणि घासणारं काहीच नाही, त्यामुळे झिजणारंही काही नाही.

यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट उन्हाळ्याची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुकानावर टिनाचं छत. निओडिमियमचा जोर एका अंशाला साधारण ०.१ टक्का कमी होतो, म्हणजे हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा मेच्या दुपारी तीनेक टक्के कमी. पण ही घट दांड्याच्या टोकाला लागू होते. मध्यभागी सेन्सरला क्षेत्रच दिसत नाही, मग घटणार काय? व्होल्टेजचंही तसंच. सेन्सरचं आउटपुट पुरवठ्याच्या प्रमाणात असतं आणि बोर्ड त्याच पुरवठ्याशी तुलना करून मोजतो, म्हणून यूएसबीचे पाच व्होल्ट थोडे खाली आले तरी आकडा जागचा हलत नाही. ग्रामीण फीडरवर आयुष्य काढलेल्या माणसाला याचं किती कौतुक वाटतं ते शहरातल्यांना सांगून पटणार नाही.

मध्यभागाबद्दल इतकं बोलतोय, कारण खरी जॉयस्टिक तिथेच आहे. इंटरनेटवर लोक बिटांवर भांडतात, बारा की सोळा. हातात घेतल्यावर कळतं की दांडा सोडला की तो प्रत्येक वेळी एकाच जागी परत येतो का, आणि तिथून निघताना बोटांना ती जागा सोडल्याचं कळतं का, यावर सगळं ठरतं. ते काम लोखंड आणि स्प्रिंगचं आहे. कोडनं ते होत नाही.

सांगाडा अँगलच्या तुकड्यांचा, शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून. थ्रीडी प्रिंटचा विचार केला नाही. प्रिंटचं साधं प्लास्टिक, पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बंद गाडीत ठेवलं तर उन्हाळ्यात ते तापमान काही लांब नाही. एका फ्रेमच्या आत दुसरी, दोघींचे अक्ष काटकोनात, प्रत्येकीला दोन ६०८ नंबरची बेअरिंग. ड्रिल आणि ग्राइंडरच्या आर्मेचरला लागतात म्हणून दुकानात असतातच.

मध्यावर आणण्यासाठी कैची केली. दोन पट्ट्या एका टोकाला बोल्टानं जोडलेल्या, दुसरी टोकं भंगारातल्या मोपेडच्या ब्रेक-शूच्या स्प्रिंगनं एकमेकींकडे ओढलेली. त्यांच्यामध्ये दोन पिना: एक सांगाड्याला वेल्ड केलेली, एक फिरणाऱ्या फ्रेमवर. दांडा डावीकडे झुकला की फिरती पिन एका पट्टीला ढकलते, दुसरी पट्टी स्थिर पिनेला टेकून तिथेच थांबते, आणि ताणलेली स्प्रिंग दांडा मागे ओढते. उजवीकडे गेला की पट्ट्यांची कामं बदलतात. मध्यावर असतानाही स्प्रिंग ताणलेलीच असते, त्यामुळे पहिल्या अर्ध्या अंशापासूनच विरोध लागतो. दोन बाजूंना दोन वेगळ्या स्प्रिंग लावल्या तर असं होत नाही. मध्यावर दोघींचा जोर एकमेकींना खातो आणि दांडा घरंगळल्यासारखा वाटतो.

मात्र दोन्ही पिना एकाच जाडीच्या हव्यात. फिरती पिन केसभर बारीक असली तर पट्ट्या जाड पिनेवर टेकतात आणि बारीक पिन मधल्या फटीत मोकळी खेळते. म्हणून दोन्ही एकाच सळईच्या, लेथवर एकाच वेळी घासून घेतल्या. लेथवाला म्हणाला, “भाऊ, विमान बनवून राहिला का?”

कोड थोडक्यात. बोर्डाला एक वाचन घ्यायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. प्रत्येक अक्ष चारदा वाचून बेरीज केली की एक बिट जास्त, म्हणजे दुप्पट पायऱ्या, मिळतात, आणि सहा अक्षांचं सगळं अडीच मिलिसेकंदात उरकतं. सोळा वेळा वाचून दोन बिट मिळवता येतात, पण मग दहा मिलिसेकंद जातात; मी चारवर थांबलो. प्रत्येक सेन्सरच्या पायाशीच १०४ नंबरचा कपॅसिटर, वायर गुंडाळून पिळलेल्या.

मध्याभोवती दोन टक्के मृत पट्टा, म्हणजे दांडा हलला तरी न मोजायची जागा, ठेवलाय. बरेच जण तिथे नुसतं शून्य पाठवतात आणि पट्ट्याबाहेर मूळ आकडा सोडतात, मग सीमेवर अचानक उडी बसते. पट्ट्याची रुंदी वजा करून उरलेली चाल पूर्ण मापात ताणून घ्या, म्हणजे हालचाल शून्यापासूनच सुरू होते. मध्याचा आकडा बोर्ड सुरू होताना आपोआप मोजू नये. त्या क्षणी कुणाचा हात दांड्यावर असला तर वाकडाच मध्य धरला जातो. मी एक बटण ठेवलं, ते धरलं की मध्य ईईप्रॉममध्ये, म्हणजे बोर्डाच्या कायमच्या मेमरीत, जातो आणि लाइट गेली तरी राहतो. चुकीच्या कोडनं पोर्ट दिसेनासा झाला तर घाबरू नका. रिसेटची पिन ग्राउंडला झटपट दोनदा टेकवली की बूटलोडर, म्हणजे नवा कोड घेणारा छोटा प्रोग्राम, आठ सेकंद जागा राहतो, तेवढ्यात नवा कोड चढवा.

दोन गोष्टी भाच्याच्या डोक्यातल्या. पोकलेनच्या सीटच्या डावीकडे सेफ्टी लिव्हर असतो; तो उचललेला असला की दांडे हलवा नाहीतर नाचवा, मशीन ढिम्म. आम्ही तिथे लिमिट स्विच लावला. लिव्हर वर असला की कोड सहाही अक्षांवर मध्यच पाठवतो. खाली उतरण्याआधी लिव्हर उचलायची सवय घरीच लागलेली बरी. दुसरी, एक टॉगल स्विच. वर सांगितला तो आयएसओ पॅटर्न. एसएई पॅटर्नच्या मशीनमध्ये बूम डाव्या हातात असतो आणि आर्म उजव्या. स्विच पाडला की कोड वाय आणि आरवाय यांची अदलाबदल करतो.

गेममध्ये शिकून काय येत नाही, तेही सांगतो. बकेट अडली की इंजिनचा आवाज जो खाली बसतो आणि ऑपरेटर हात आपसूक सैल करतो, ते इथे नाही. उतारावर चेन घसरताना बुडाला लागतं, तेही नाही. पण कुठला हात काय करतो याचा विचार करावा लागू नये, एवढं नक्की होतं. भाच्याच्या ऑपरेटरनं एकदा त्याला रिकाम्या जागी लेव्हलिंग करायला बसवलं, आणि पोराचे दांडे उलटसुलट पडले नाहीत.

परत आल्यावर मात्र तक्रार घेऊनच आला. “मामा, तुमचा उजवा लय कडक आहे. मशीनचा दोन बोटानं चालते.” बरोबर आहे, खऱ्या मशीनमध्ये दांडा फक्त छोटा पायलट व्हॉल्व्ह दाबतो, बाकीचा जोर तेलाचा. उजव्या कैचीत स्प्रिंग अडकवायचं भोक बोल्टाच्या बाजूला दोन सेंटिमीटर सरकवलं, जोर उतरला. डाव्याचंही तसंच करायचं आहे, पण सध्या तुरीच्या पाण्याच्या मोटारी जळून येताहेत, दुकानात पाय ठेवायला जागा नाही.