‘हळू दाब’ या दोन शब्दांत माझे सात महिने गेले

दहा मीटर एअर पिस्तूल हातात घेतलं की पहिल्याच आठवड्यात सगळे एकच सांगतात: ट्रिगर हळू दाब. सर सांगतात, शेजारच्या लेनवरचे काका सांगतात, मॅचला भेटलेली अनोळखी माणसंसुद्धा सांगतात. या सल्ल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो अर्धाच सल्ला आहे. उरलेला अर्धा मला सात महिन्यांनी कळला, तोही आठवीतल्या एका मुलीमुळे.

मी कोल्हापूरची, वय ३९, नोकरी सांभाळून संध्याकाळी दीड तास रेंजवर जाते. पिस्तूल घेणं, ग्रिप घासून हाताला बसवणं, उभं राहणं, श्वास, हे सगळं तीन-चार महिन्यांत मार्गी लागलं. अडलं ते बोटापाशी.

आमच्या पिस्तुलांचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो मागे सरकतो आणि एका जागी येऊन टेकतो. आम्ही त्याला भिंत म्हणतो. तिथून दाब आणखी थोडा वाढला की शॉट सुटतो. नियमाप्रमाणे ट्रिगरचं एकूण वजन, म्हणजे शॉट सुटायला लागणारा दाब, कमीत कमी ५०० ग्रॅम लागतं. माझ्या पिस्तुलावर त्यातलं पावणेचारशेच्या आसपास पहिल्या टप्प्यातच जातं, म्हणजे भिंतीपाशी उरतं सव्वाशे ग्रॅम. एका टोमॅटोचं वजन. तेवढा दाब माझं बोट देत नव्हतं.

नेम धरायला पिस्तुलावर पुढे एक खूण असते आणि मागे एक खाच, त्यांना आम्ही साईट म्हणतो. व्हायचं असं. हात वर न्यायचा, काळ्या वर्तुळाच्या खाली पांढऱ्यात उतरायचं, पहिला टप्पा घ्यायचा आणि भिंतीला टेकून थांबायचं. साईट हलतेय, थांब. जरा स्थिरावली, अजून थोडं. हळू. आठ सेकंद झाले, दहा झाले. फ्रंट साईटची कड पुसट व्हायला लागली, डोळ्यात पाणी, खांदा थरथरतोय. आणि अचानक सगळं मधोमध दिसतं, मनात ‘आत्ता!’ येतं आणि बोट झटका देतं. सात. तोही घड्याळात सात वाजतात त्या बाजूला, डावीकडे खाली. मी उजव्या हाताची, आणि उजव्या हातानं ट्रिगर झटकला की पेलेट, म्हणजे छर्रा, तिकडेच जाते. पुढचा शॉट दहा गुणांचा, पुढचा नऊ, मग पुन्हा त्याच कोपऱ्यात सहा.

मॅच असते ६० शॉटची आणि वेळ ७५ मिनिटं. माझे निम्मे शॉट बारा-तेरा सेकंद हवेत लटकलेले असायचे. दहा शॉटची एक सिरीज, चौथ्या सिरीजपर्यंत हात उचलायचीच भीती वाटायला लागायची. मी सरांना विचारायचे, काय चुकतंय? उत्तर ठरलेलं, ‘घाई होतेय मॅडम, हळू दाबा.’ मग मी आणखी हळू दाबायचे, म्हणजे प्रत्यक्षात आणखी जास्त वेळ थांबायचे. सात महिने हेच. रडूही आलं आहे, पार्किंगमध्ये, हेल्मेट घातल्यावर.

एक रविवार मी कागद-पेन्सिल घेऊन बसले, ते आधीच करायला हवं होतं. माझ्या पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर साधारण ३० सेंटीमीटर. टार्गेट १० मीटरवर. झटक्यानं फ्रंट साईट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी टार्गेटवर फरक पडतो ३३ मिलिमीटरचा. दोन रिंगांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे चार रिंगा गेल्या, दहाचा सहा झाला. आणि साईट एकमेकींत नीट राहून आख्खा हातच एक मिलिमीटर हलला तर? टार्गेटवरही फक्त एक मिलिमीटर. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे. म्हणजे जे हलणं थांबावं म्हणून मी बारा सेकंद वाट बघत होते, ते मला बहुतेक वेळा नऊच्या खाली नेतच नव्हतं. सहा आणि सात येत होते ते वाट बघितल्यामुळे.

आणखी एक गोष्ट डोक्यात होतीच. राही सरनोबत आमच्याच कोल्हापूरची. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये तिनं सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये. त्यात ट्रिगर १००० ग्रॅमचा, आमच्या दुप्पट. आणि रॅपिडच्या टप्प्यात प्रत्येक शॉटला तीन सेकंद मिळतात, त्यातच खाली धरलेला हात वर आणायचा. दुप्पट वजन, तीन सेकंद, आणि त्यात दहा पडतात. मग ‘हळू’ या शब्दाला काय अर्थ उरला? त्या मुली हळू दाबत नाहीत, त्या अखंड दाबतात. हात वर येत असतानाच बोट कामाला लागलेलं असतं आणि ते मध्ये थांबत नाही.

कळलं म्हणून बोट ऐकतं असं नाही. तिथं ती मुलगी आली. आमच्या बॅचची ज्युनिअर, मला काकू म्हणते. तिला म्हटलं, तू माझं पिस्तूल भर, कधी पेलेट घाल, कधी घालू नकोस, मला सांगायचं नाही. पेलेट नसली तरी हवा सुटते, पण ते कळतं ट्रिगर दाबून झाल्यावर. पहिल्या दहामध्ये तिनं चार वेळा पेलेट घातलीच नव्हती, आणि चारही वेळा ती माझ्या साईटकडे न बघता नळीच्या टोकाकडे बघत होती. ‘काकू, आवाज यायच्या आधीच पिस्तुलाचं नाक खाली जातंय.’ पुन्हा केलं. पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशी एकदा नाक हललं नाही. तिनं काही न बोलता अंगठा दाखवला. तो शॉट कसा वाटला ते अजून बोटात आहे: मला कळायच्या आधी सुटला होता.

त्यानंतर दोन महिने मी टार्गेटकडे जवळजवळ बघितलंच नाही. घरी पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबायचा सराव. वर्तुळ नाही, म्हणजे ‘आत्ता’ म्हणायला काही नाही. फक्त फ्रंट साईट, दोन्ही बाजूंचा सारखा उजेड आणि बोट. आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री, मग ड्रायचा मोड, हे रोज, न चुकता, घरात कोणी असो नसो. दिवसाला ५० दाब. क्लिक झाल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहून साईट कुठे आहे ते बघायचं. क्लिकला साईट हलली तर तो दाब मोजायचा नाही.

नंतर वर्तुळ लावलं. हॉल पाच मीटरचा, म्हणून वर्तुळही निम्मं: खरं काळं ५९.५ मिलिमीटरचं असतं, मी ३० मिलिमीटरचं कापलं आणि रेंजसारखंच जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर चिकटवलं. आई सोफ्यावर बसून सेकंद मोजायची. आठ झाले की म्हणायची, ‘खाली घे गं.’ हे सगळ्यात कठीण होतं. आठ सेकंदांत सुटला नाही तर हात खाली, एक श्वास, पुन्हा. सुरुवातीला दहापैकी सहा वेळा खाली घ्यावं लागलं. ७५ मिनिटांत ६० म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट मिळतं, खाली घ्यायला भरपूर वेळ आहे. मॅचमध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही की हसत नाही. घ्या खाली.

एक सांगायचं राहिलं, ते खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं. बोट अडतंय म्हणून ट्रिगर हलका करू नका. मी पाचव्या महिन्यात केला. एका मॅचच्या सकाळी इक्विपमेंट चेकला नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं आणि उचलायच्या आत क्लिक झालं. फेल. रांग मागे लांब, वजन आधी तपासून बघायची सोय कुठे आहे ते विचारलं तर टेबलावरच्या गृहस्थांनी उत्तरच दिलं नाही. घाईत स्क्रू फिरवून पास झाले, पण भिंत पार बदलली होती. त्या दिवशी ६०० पैकी ४९८. अजूनही माझं म्हणणं आहे की परीक्षेचं वजन खेळाडूंना आदल्या दिवशी वापरायला मिळालं पाहिजे. तोवर स्वतःचं घ्या. मी ५०० ग्रॅमचं वजन बनवून घेतलं आणि ट्रिगर ५१५ च्या आसपास ठेवते. ते जास्तीचे पंधरा ग्रॅम बोटाला कळतसुद्धा नाहीत.

बोट कुठे टेकतं तेही बघा. माझं पहिल्या पेराच्या मधोमध, नखाच्या अर्ध्यावर. सांध्याजवळ गेलं की उजवीकडे खेचलं जातं. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे होते, ती पाना लावून एकदा नीट बसवा आणि मग महिनाभर हात लावू नका.

गेल्या मॅचला ५४३ झाले. मोठा आकडा नाही हे मला ठाऊक आहे, पण साठ शॉटमध्ये त्या डाव्या-खालच्या कोपऱ्यात एकच सात होता, आणि तो मी आठ सेकंदांनंतर खाली न घेतलेला शॉट होता. एकोणचाळिसावा. सुटायच्या आधीच मला माहीत होतं. सिरीज संपल्यावर मागे वळून बघितलं तर ती मुलगी काचेपलीकडे उभी होती, दोन्ही अंगठे वर करून.