पंचवीस रुपयांचा दंड

सांगलीत आमच्या घराच्या ओटीवर अप्पांची लायब्ररी होती. दोन लाकडी कपाटं, एक बाक, खाकी कव्हरं घातलेल्या कादंबऱ्या. शाळेतून आले की सुटी पानं खळीनं चिकटवायचं काम माझं. सर्वांत जास्त चिकटवली ती चंद्रकांत काकोडकरांची. पुस्तक हातोहात फिरलं की आधी शिवण उसवते, मग पानं गळतात.

दुपारी जेवणं आटोपून बायका यायच्या. शेजारच्या काकी पुस्तकाचं नाव घेत नसत. "अप्पा, परवा ते दुसरीकडे गेलं होतं ना, ते आलं का?" एवढंच. अप्पाही काही न बोलता पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवायचे. मला त्या गुंडाळण्याचा तेव्हाही राग यायचा. प्रेमाची गोष्ट वाचायची, त्यात लपवायचं काय?

त्या लपवण्यामागे एक खटला होता, हे मला फार उशिरा कळलं. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. निशिकांत हा कवी, पेशानं शिक्षक; त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची ती गोष्ट. ती अश्लील आहे म्हणून फिर्याद झाली. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काकोडकर सुप्रीम कोर्टात गेले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले. नुसता कामविषयाचा उल्लेख आला म्हणून अश्लील ठरवायचं तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही, अशा अर्थाचं न्यायालयानं लिहिलं आहे.

दंड भरून मोकळं होता आलं असतं. पंचवीस रुपयेच तर होते! पण ते भरले असते, तर आपण घाण लिहितो हे मान्य केल्यासारखं झालं असतं. मला या माणसाचं सगळ्यात मोठं वाटतं ते हे.

त्याच वर्षी 'दो रास्ते' आला, त्यांच्या 'नीलांबरी'वरून. सिनेमा बघायला त्याच काकी सगळ्या घरादाराला घेऊन उघड गेल्या.

लायब्ररी बंद झाली तेव्हा पुस्तकं रद्दीत गेली. 'नीलांबरी' मी काढून ठेवली. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के इतके दाटलेत की खाली अप्पांनी दुसरी चिठ्ठी डकवली आहे. तीही भरली आहे.