देतो देतो म्हणणाऱ्या घरमालकाकडून डिपॉझिट काढणं

डिपॉझिट अडकवणारे घरमालक दोन प्रकारचे. एक सरळ तोंडावर सांगतो की घराची वाट लावलीस, काही मिळणार नाही, जा. हा त्यातल्या त्यात बरा, कारण भांडायला हातात काहीतरी मिळतं. दुसरा कधीच नाही म्हणत नाही. फोन उचलतो, तब्येत विचारतो, नवीन घर कसंय विचारतो आणि "अगं देतो गं, पळून चाललोय का मी" म्हणत फोन ठेवतो. आमचे घरमालक काका हे दुसरे. राहत होतो तोवर एक शब्दाने वाईट बोलले नाहीत, आणि चाव्या हातात पडल्यापासून जे ताकास तूर लागू देईनात ते देईचनात.

आधी नवीन भाडेकरू आला की देतो, मग मुलगा आला की त्याच्याशी बोलून देतो, मग रंगाचं काय होतंय ते बघून सांगतो. हे सगळं ऐकताना खरंच वाटायचं, म्हणजे माणूस खोटं बोलतोय असं नव्हतंच, पण नंतर शांतपणे बघितलं तर कुठल्याच वाक्यात तारीख नव्हती आणि आकडाही नव्हता. टोलवाटोलवीचं सगळं बळ यातच आहे. तो नाही म्हणाला असता तर मी उठून काहीतरी केलं असतं, पण "देतो" म्हणणाऱ्याच्या अंगावर जायला आपल्यालाच कसंतरी होतं, आणि प्रकरण पडून राहतं भिजत घोंगड्यासारखं.

दुसरी गोष्ट, बहुतेकांनी तुमचं डिपॉझिट बाजूला काढून ठेवलेलंच नसतं. ते आल्याआल्या कुठल्यातरी हप्त्यात, लग्नात, दुरुस्तीत गेलेलं असतं. म्हणून "नवीन भाडेकरू येऊ दे" हे नुसतं कारण नसतं, त्याच्या पैशातूनच तुमचे पैसे निघणार असतात. काकांची अडचण मला कळत होती. पण नवीन भाडेकरू मिळेपर्यंत थांबायचं असं ॲग्रीमेंटमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि मला मात्र नव्या घराचं डिपॉझिट पहिल्याच दिवशी मोजून द्यावं लागलं होतं.

काही ठिकाणी कायद्यानेच ही गंमत बंद केलीये. इंग्लंडमध्ये 2007 पासून नेहमीच्या खासगी भाडेकरारांचं डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावं लागतं, वाद झाला तर तो तिथेच सोडवायची सोयही असते. जर्मनीत घरमालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि व्याज भाडेकरूचं. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून 21 दिवसांत पैसे, नाहीतर कशाचे किती कापले त्याची यादी. भारताच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातही राहत्या घराला जास्तीत जास्त 2 महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट आणि रिकामा ताबा घेतानाच परतफेड असं आहे, पण तो मसुदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू. नीट बघितलं तर या सगळ्यांतून मिळून तीनच गोष्टी निघतात, पैसे वेगळे, तारीख ठरलेली आणि कपातीचा हिशोब. पैसे वेगळे ठेवणं तर माझ्या हातात नव्हतं, पण तारीख आणि हिशोब मागता येत होता.

मग मी फोन करणं बंद केलं. त्यांचा आला तर उचलायचे, पण ठेवल्यावर लगेच मेसेज, "काका, आत्ता बोलल्याप्रमाणे..." आणि जे बोलणं झालं ते. आणि पहिल्या मेसेजमध्ये पैसे मागितलेच नाहीत. लिहिलं की काका, हिशोब जुळवत बसलेय, तुमच्याकडे माझं डिपॉझिट अमुक, भाडं आणि लाइटबिल शेवटपर्यंत भरलेलं, चाव्या अमुक तारखेला दिल्या, बरोबर ना? उत्तर आलं, "हो बरोबर, बघतो लवकरच." त्यातलं "बघतो लवकरच" काही कामाचं नाही, पण "हो बरोबर" म्हणजे सोनं आहे हो. रक्कम कबूल, थकबाकी नाही हे कबूल, ताबा मिळाला हेही कबूल. उद्या कुठे जायची वेळ आली तर निम्मं भांडण तिथेच संपतं. ते चॅट मी लगेच ईमेलवर पाठवून ठेवलं, फोनचा काय भरवसा.

यानंतर रंग आला. येतोच. भिंतीवर खिळ्यांची भोकं, पलंगामागे रंग उतरलाय, पूर्ण घर रंगवावं लागेल, तेवढे कापतो. इथे बरेच जण गप्प बसतात कारण भोकं तर खरंच असतात. पण माणूस राहिला की घर थोडं झिजणारच, त्यासाठीच तर भाडं देतो आपण. झीज वेगळी आणि नुकसान वेगळं. आणि नुकसान झालंय असं धरलं तरी जुन्या रंगाच्या बदल्यात अख्खं घर नवं रंगवून देणं हे काही भाडेकरूचं देणं नाही, त्या रंगाचं जेवढं आयुष्य उरलं होतं तेवढ्यापुरतंच काय ते बोला. मी फक्त विचारलं, आधीचा रंग कधी दिलेला आणि आताचं बिल पाठवता का? बिल आलं नाही, तारीखही आली नाही. त्याऐवजी सिंकखालच्या कपाटाचा फोटो आला, प्लाय फुगलेला, कडेने पापुद्रे सुटलेले. घरात शिरताना मी काढलेल्या फोटोंमध्ये तोच पापुद्रा होता, शेजारी आधीच्या भाडेकरूची अर्धी संपलेली फिनाइलची बाटलीसुद्धा. तो फोटो तारखेसकट पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आणि कपाटाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

बाथरूमचा आरसा मात्र आमच्याकडूनच तडकला होता, त्याचं बिल मागून घेतलं आणि तेवढे कापा म्हणून लिहून दिलं. योग्य कपात लगेच मान्य करावी, बाकीच्या नाकारताना बरं पडतं.

या काळात सल्ले देणारे भरपूर भेटले. शेवटचं भाडं द्यायचंच नाही, डिपॉझिटमधून वळतं करायचं, असं तर प्रत्येकजण सांगतो. मालकाने लेखी हो म्हटलं असेल तर खुशाल करा, पण परस्पर केलंत तर थकबाकीदार तुम्ही, आणि घरात काही मोडतोड निघाली की त्याला बोलायला जागा. पैसे मिळेपर्यंत एक चावी ठेवून घ्या म्हणणारेही असतात, त्यात ताबाच दिला नाही असं होतं आणि भाडं चालू राहतं. सोसायटीच्या ग्रुपवर नाव घेऊन धुवायची मलाही फार इच्छा झाली होती, खोटं कशाला बोलू, पण मग मुद्दा पैशाचा राहत नाही, त्यांच्या अपमानाचा होतो.

शेवटी पत्र लिहिलं. एका पानाचं, पोचपावतीच्या टपालाने. त्यात काका नाही, पूर्ण नाव आणि आपण. रक्कम, त्यांनी कबूल केल्याचा मेसेज, आरशाची कपात, उरलेला आकडा, माझा खाते क्रमांक, आणि अमुक तारखेपर्यंत जमा न झाल्यास वकिलामार्फत नोटीस पाठवेन. शिव्या नाहीत, पोलिसांची धमकी नाही, कारण हा देण्याघेण्याचा दिवाणी मामला आहे आणि पोकळ धमकी समोरच्याला बरोबर कळते. वकिलाकडे खर्चाची चौकशी मात्र आधीच करून ठेवलेली, डिपॉझिटपेक्षा खटला महाग पडत असेल तर तेही माहीत हवं ना.

पत्र पोचल्यावर फोन आला, आवाज दुखावलेला. एवढं कशाला गं, घरातल्यासारखी होतीस. मी म्हटलं काका, अजूनही आहे, तारीख तेवढी सांगा. मग पहिल्यांदा तारीख मिळाली, आणि अर्धे पैसेही. सोबत सही करायला कागद, त्यावर लिहिलेलं "डिपॉझिटपोटी पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली". किती सहज लिहितात बघा! "पूर्ण व अंतिम" खोडलं, तिथे "अंशतः" लिहिलं, खाली बाकी आकडा आणि त्याची तारीख, आणि त्या खाडाखोडीवर दोघांच्या सह्या घेतल्या.

उरलेल्याचा त्यांनी चेक दिला आणि लगेच पूर्ण पोच मागितली. मी लिहून दिलं, चेक मिळाला, वटल्यावर हिशोब पूर्ण. वटला तो. मग त्यांना साधी सरळ पोच पाठवली, तारीख घालून.