भोकांच्या डिस्क

आमचं गॅरेज चाळीसगावात, कन्नड घाट उतरून येणाऱ्या रस्त्यावर. घाटाच्या पायथ्याशी गॅरेज टाकलं की दोन कामं न बोलावता येतात, चढणाऱ्यांचे क्लच आणि उतरणाऱ्यांचे ब्रेक. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं जड वाहनांना घाट बंद झाला आणि ट्रकचं काम आटलं. कार आणि पिकअप अजून येतात. मे महिन्यात तर गाडी दारात लागायच्या आधीच जळक्या ब्रेक पॅडचा वास येतो.

त्या सोमवारी मात्र गाडी टोइंग करून आणली. लाल, दोन दारांची, मुंबईहून सेकंडहँड घेतलेली स्पोर्ट्स कार. मॉडेल लिहीत नाही, गावात तेवढी एकच आहे. मालक म्हणजे एका आडत्याचा मुलगा. वडिलांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांची पिकअप सहा वर्षं माझ्याकडेच येते. रविवारी संध्याकाळी संभाजीनगरहून येताना पोरानं गिअर डी मध्ये ठेवून निम्मा घाट नुसत्या ब्रेकवर उतरवला. एका वळणावर पेडल मऊ लागलं, पुढच्या वळणावर थेट खाली गेलं. हँडब्रेकवर कशीबशी कठड्याजवळ थांबली. रात्रभर व्हिडिओ बघून सकाळी निदान तयार होतं, "काका, स्टॉक रोटरच कमी पडतात. अपग्रेड टाकू." स्टॉक रोटर म्हणजे कंपनीच्या डिस्क, चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, पॅड तिलाच चिमटतात.

बरोबर खोकंही होतं. ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरायचं म्हणून महिन्यापूर्वीच भोकं आणि खाचा पाडलेल्या डिस्क ऑनलाइन मागवल्या होत्या. शिवाय फोनमध्ये दुसरं कोटेशन, ॲल्युमिनियमच्या टोपीची दोन तुकड्यांची डिस्क. स्टँडर्ड डिस्कच्या पाचपट किंमत. आता बोला, कोणती?

माझं पहिलं काम असतं चाक फिरवून बघायचं. ते न करताच आमच्यातले बरेच जण पार्टची ऑर्डर देऊन मोकळे होतात. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, या गाडीला २८ मिलिमीटर. मायक्रोमीटर लावला तर एक २८.६, दुसरी २८.५. डिस्कच्या चेहऱ्यावर निळे डाग. लेथवर घ्यायला मटेरियल उरलं नव्हतं, आणि असे तापून कडक झालेले डाग वरचा थर तासला तरी थोड्या दिवसांत पुन्हा वर येतात. डायल गेज लावून डिस्क फिरवली तर ०.११ मिलिमीटर आउट, म्हणजे फिरताना तेवढी डुलते. ०.०५ च्या वर गेलं की मी हात आखडतो. डिस्क उतरवली तर हबवर गंजाचे पापुद्रे. आधीच्या कारागिरानं गंजावरच डिस्क बसवून गनने नट आवळले होते. हब घासून साफ केला, त्यावर गेज लावला, काटा ०.०२ वर. सगळे म्हणतात डिस्क वाकली. डिस्क सहसा वाकत नाही. ती तिरकी बसते, तिरकी फिरताना पॅड तिला एकाच जागी चाटतं, जाडी कमी-जास्त होते. पंधरा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरकही पायाला कळतो.

मग खोकं उघडलं. दिसायला देखणा माल. पण भोकात टॉर्च मारली तर काही भोकं डिस्कच्या दोन चेहऱ्यांमधल्या, हवा खेळवणाऱ्या पाकळ्यांच्या मधोमध, काही थेट पाकळी कापत गेलेली. कडांना चॅम्फर नाही, म्हणजे त्या तिरक्या घासलेल्या नाहीत, बोट फिरवलं तर लागत होतं. तडा इथूनच सुरू होतो. पोरगा म्हणाला, "पोर्शेच्या कारखान्यातूनच भोकांच्या डिस्क येतात." येतात, खरं आहे. पण त्यांची भोकं जागा बघून पाडलेली आणि कडा मारलेल्या असतात. भोकांची सुरुवात झाली ती जुन्या पॅडमधून तापल्यावर निघणारा वायू बाहेर काढायला, आजच्या पॅडना त्याची फारशी गरज उरलेली नाही. खाचा पॅडचा चेहरा साफ ठेवतात, पण पॅड लवकर खातात आणि आवाज करतात. दोन तुकड्यांची डिस्क खरंच चांगली, चाकाजवळचं वजन कमी करते, तापल्यावर मोकळी फुगते. ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारणाऱ्यानं जरूर घ्यावी. चाळीसगावात ट्रॅक कुठे आहे?

हे तोंडानं सांगून पटत नाही. पोराला माझ्या जुन्या गाडीत बसवून धुळे रोडवर नेलं, मोकळा पट्टा बघून ऐंशीवरून करकचून ब्रेक मारला, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखडलं. म्हटलं, "एबीएस लागलं म्हणजे डिस्कनं टायरची सगळी पकड वापरली. डिस्क मोठी टाकली तरी या टायरवर गाडी याहून आधी थांबणार नाही. मोठ्या डिस्कला उष्णता जास्त पचते, एवढंच." आणि उष्णता किती? सोळाशे किलोची गाडी, घाटाचा उतार तीनेकशे मीटर धरा. तो नुसत्या ब्रेकवर उतरणं म्हणजे शंभरच्या वेगावरून सात-आठ वेळा लागोपाठ गाडी उभी करणं. खालच्या गिअरमध्ये टाकली की त्यातलं बरंच काम इंजिन करतं. गिअर फुकट असतो, म्हणून कुणी वापरत नाही.

आता मुख्य गोष्ट. डिस्क आणि पॅड दमले तर पेडल कडक राहतं, गाडी थांबत नाही. याचं पेडलच खाली गेलं होतं, आणि सोमवारी सकाळी पुन्हा ठणठणीत. हा ब्रेक ऑइलचा रोग, थंड झालं की पुरावा गायब. ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट फोर दर्जाचं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण पावणेचार टक्के पाणी शिरलं की तेच १५५ लाही उकळलेलं चालतं असं त्या दर्जाचं मानकच सांगतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल रिकामं जातं. पेनसारखा टेस्टर ब्रेक ऑइलच्या टाकीत बुडवला, लाल दिवा. "शेवटचं कधी बदललं?" तर पोरगा म्हणतो, "ते बदलतात?" सायलेन्सरच्या आवाजाला लाखभर घातले होते त्यानं.

स्टँडर्ड डिस्क मागवल्या, चांगले पॅड, हब साफ, नट टॉर्क रेंचनं. चारही चाकांचं ऑइल पूर्ण बदललं. दुसऱ्या दिवशी पहाटे ऐंशीवरून वीसवर असं दहा वेळा, पूर्ण न थांबवता, पॅड बसवून दिले. ०.०३ आउट. या आकड्याचा मला अभिमान आहे, सांगायला लाजत नाही.

इथंच थांबलो असतो तर हे लिहिलं नसतं.

आप्पांची पिकअप पोराला सोडायला आली होती. ड्रायव्हर सदऱ्यानं घाम पुसत उभा होता. काळं ऑइल बाटलीत पडताना बघून म्हणाला, "आमनी गाडीले बी असंच व्हस. दोन-तीन पंप मारा का मंग लागस बिरेक." हसत म्हणाला. आठवड्यातून दोनदा तो कन्नडकडून आल्याचा माल भरून घाट उतरतो.

टेस्टर हातातच होता. पिकअपच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं. आतलं ऑइल टपरीवरच्या उरल्यासुरल्या चहासारखं. दिवा लाल, बुडवताक्षणी.

रजिस्टर काढलं. सहा वर्षांत मागचे ब्रेक लायनर चार वेळा, पुढचे पॅड तीन वेळा, व्हील सिलिंडरचे रबर एकदा. आणि पाच ठिकाणी 'ब्रेक ऑइल टॉपअप', माझ्याच अक्षरात. पिकअप नवी होती तेव्हाचं ऑइल मी कधी काढलंच नाही, वरून भरत राहिलो. जे सांगितलं ते केलं. पिकअपवाले कामाला घाई करतात, बिलावर घासाघीस करतात, हे सगळं खरं. पण लाल गाडीला दीड दिवस गेज लावत बसलो, तेव्हा मला कुणी गेज लाव म्हणून सांगितलं नव्हतं.

तिथंच ऑइल बदललं. मागच्या डाव्या चाकातून आधी काळं, मग गढूळ, मग हवेचे बुडबुडे. ड्रायव्हरनं पेडल दाबलं आणि दचकून पाय उचलला. एवढ्या वर अडतं हे त्याला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी आप्पांचा फोन. पोराच्या गाडीचं बिल त्यांनी विचारलं नाही, तो खर्च त्यांच्या लेखी वाया गेलेलाच. पिकअपचे साडेआठशे रुपये मात्र विचारले. "हे काम याआधी का नाही केलं?"

"आप्पा, याआधी कुणी पेडलचं बोललं नव्हतं."

हे खरं होतं. आप्पा "बरं" म्हणाले आणि पैसे पाठवले. ते साडेआठशे अजून मला टोचतात.

त्या आठवड्यात रजिस्टरमधून अशाच टॉपअपवाल्या चौदा पिकअप काढल्या आणि एकेकाला फोन केले. आतापर्यंत तिघं येऊन गेले. बाकीचे म्हणतात, लायनर संपले की येतो.