बटेरांची घरं: अंड्यांसाठी एक, पैदाशीसाठी दुसरं

जपानी बटेराची मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते. खाद्य चांगलं असूनही अंडी घटली किंवा उबवणीत निम्मी वाया गेली, तर आधी पिंजरा तपासावा.

बहुतेक माद्या दुपारी उशिरा ते संध्याकाळी अंडी घालतात. तुसाच्या गादीवर ही अंडी रात्रभर पडून राहतात, तुडवली जातात, विष्ठेनं माखतात. कवच पातळ असल्यानं बारीक तडा सहज जातो आणि असं अंडं उबवणी यंत्रात टाकणं म्हणजे जंतूच आत नेणं. शिवाय ओल्या गादीत रक्ती हगवण पसरते. म्हणून अंडी विकायची असतील तर उतरत्या जाळीचा, म्हणजे अंडं घरंगळून पुढे येईल असा, पिंजराच बरा. प्रत्येक पक्ष्याला १५० ते २०० चौरस सेंटिमीटर जागा द्यावी.

पिंजऱ्याची उंची २५ सेंटिमीटरच्या आत ठेवा. बटेर दचकलं की सरळ वर उसळतं. अर्धा मीटर उंची मिळाली तर वेग घेऊन डोकं फोडून घेतं.

उजेड १४ ते १६ तास लागतो, पण तो प्रत्येक मजल्यावर पोहोचायला हवा. छताला एकच बल्ब असेल तर खालचे कप्पे अंधारात राहतात आणि तिथल्या माद्या उशिरा अंड्यावर येतात. नरांवरही परिणाम होतो. गुदद्वारावरची फुगीर ग्रंथी हलकी दाबून पाहा, पांढरा फेस आला तर नर तयार आहे. उन्हाळ्यात पत्र्याखालचा सर्वांत वरचा कप्पा रिकामा ठेवलेला चांगला.

पैदाशीसाठी मोठा कळप नको. ३० बाय २५ सेंटिमीटरच्या कप्प्यात १ नर आणि २ माद्या. नर जास्त झाले की माद्यांच्या मानेची पिसं जातात, टाळू सोलते. नर-मादी एकाच वेळी नव्या, रिकाम्या कप्प्यात सोडा, म्हणजे जुन्या जागेवरून मारामारी होत नाही. चौथ्या दिवसापासूनची अंडी उबवणीला घ्या आणि आठवड्याच्या आत यंत्रात ठेवा. कप्प्यांना क्रमांक हवेतच. बटेरात भाऊ-बहिणींचा संकर झाला की फलन आणि उबवण झपाट्यानं घसरते आणि मोकळ्या गादीवर कुणाची पिल्लं कोणती हे कळतच नाही.

पिंजऱ्यात एक उणीव राहते, ती म्हणजे धूळस्नान. आठवड्यातून दोनदा सकाळी कोरड्या वाळूचा उथळ ट्रे आत ठेवा. दुपारच्या आत मात्र काढून घ्या, नाहीतर अंडी त्यातच घातली जातात.